मेहुण्याचं ॲड-ऑन कार्ड आणि तुमचा सिबिल

सिंहगड रोडवरच्या एका वाचकांनी विचारलंय, मेहुण्याला माझ्या क्रेडिट कार्डावर ॲड-ऑन (माझ्याच खात्यावर त्याच्या नावाचं जादा कार्ड) काढून दिलं, तो १,८४,००० थकवून बेंगळुरूला गेला, आता सिबिल (कर्जफेडीच्या नोंदींचा रिपोर्ट आणि स्कोअर) बघून माझं होम लोन नाकारलं, खर्च मी केलाच नाही तर स्कोअर माझा का पडला? असाच प्रश्न कधी भाच्याचा असतो, कधी मुलाचा.

अहो, खातं तुमचं आहे. ॲड-ऑनवरच्या खर्चाची जबाबदारी मूळ कार्डधारकाचीच, हे रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांत स्पष्ट आहे आणि तुम्ही सही केलेल्या फॉर्मातही असणार. रिपोर्ट उघडून बघा, त्या खात्यासमोर ओनरशिप इंडिव्हिज्युअल दिसेल आणि खाली महिन्यांच्या चौकटीत ०३०, ०६०, ०९० असे उशिराचे दिवस. मेहुण्याच्या रिपोर्टात ते खातं ऑथराइज्ड यूजर (फक्त वापरायची परवानगी असलेला) म्हणून येईल किंवा येणारही नाही, त्यात वेळ घालवू नका.

तुमच्या मेलमधलं मला महत्त्वाचं वाटलं ते एकच वाक्य, 'गेल्या वर्षी कस्टमर केअरला फोन करून त्याचं कार्ड बंद करायला सांगितलं होतं'. कधी? तारीख नाही, रिक्वेस्ट नंबर नाही, नंतर एक ओळीचा मेलसुद्धा नाही, आणि वर्षभर स्टेटमेंट येत असताना तुम्ही मिनिमम ड्यू (बिलातली किमान रक्कम) भरत बसलात! त्या फोननंतर त्याच्या कार्डावर जे स्वाइप झाले तेवढ्यावरच भांडता येईल, आधीच्यावर नाही. म्हणून आजच बँकेला मेल टाका, त्या कॉलची नोंद मागा, मोबाइलचं जुनं बिल काढा, बँकेचे एसएमएस शोधा. कार्ड बंद करायला सात कामाच्या दिवसांपेक्षा उशीर झाला तर रोज ५०० रुपये दंड, हा नियम सगळे मला ऐकवतात, पण थकबाकी असताना तो लागू होत नाही.

दुसरं, वसुलीवाला ९०,००० मध्ये सेटल करतो म्हणतोय. करू नका. रिपोर्टात क्लोज्डऐवजी सेटल्ड (पूर्ण न भरता मिटवलं) येईल आणि पुढची बँक तोच शब्द वर्षानुवर्षं वाचेल. वाद नसलेली रक्कम पूर्ण भरा, व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास चढतंय. भरूनही रिपोर्ट अपडेट झाला नाही तर बँक आणि सिबिल दोघांकडे लेखी तक्रार करा, ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढे रोजचे १०० रुपये भरपाई मिळते. जुने उशिराचे आकडे खरे असतील तर ते मात्र पुसले जाणार नाहीत, आणि लोन कधी मिळेल हे मी सांगू शकत नाही.

मेहुण्यावर फसवणुकीची केस? कार्ड तुम्हीच दिलंत, त्यामुळे अवघड वाटतं, कागद बघितल्याशिवाय जास्त बोलत नाही. वसुलीचा दावा लावता येईल, मुदत साधारण तीन वर्षं, त्यामुळे 'पगार झाला की देतो' हा त्याचा देणं कबूल करणारा व्हॉट्सॲप मेसेज जपून ठेवा. पण शिवाजीनगर कोर्टात पैशाचे दावे किती वर्षं तारखांवर पडून राहतात ते मी रोज बघतो, फार वाईट वाटतं, तेव्हा आधी सासऱ्यांना मध्ये घालून त्याच्याकडून सहीनिशी लिहून घ्या.

आणि पैसे भरले की नो ड्यूज सर्टिफिकेट (काही देणं बाकी नाही असा बँकेचा दाखला) हातात पडेपर्यंत कार्ड कापून टाकलं म्हणून निश्चिंत होऊ नका, खातं बंद करायची विनंती मेलवरच करा.