विंडोजची मूळ सीडी नाही, तरी घरच्या डेस्कटॉपमध्ये एसएसडी आणि रॅम टाकता येईल का?

तुम्ही दिलेली माहिती अशी: आठव्या पिढीचा आय५, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, कंपनीकडूनच आलेलं विंडोज १० होम सिंगल लँग्वेज. ५०० जीबीची एसएसडी आणि जादा रॅम टाकायची आहे. दुकानदार म्हणतो, मूळ सीडी नसेल तर नवीन विंडोज विकत घ्यावं लागेल.

घ्यावं लागणार नाही. विंडोज ८ पासून ब्रँडेड मशीनची की (विंडोजच्या लायसन्सचा कोड) कंपनी मदरबोर्डच्या बायोसमध्येच, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्राममध्येच, लिहून देते, म्हणून सीडी येतच नाही. डिस्क, रॅम, ग्राफिक्स कार्ड काहीही बदला, मदरबोर्ड तोच आहे तोवर लायसन्स शाबूत राहतं.

उघडण्याआधी सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशन पाहून एडिशनचं (होम, प्रो वगैरे) नाव लिहून ठेवा. डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल, तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवा. ती नसेल तर नंतर जुन्या डिस्कवरचे फोटो त्या डिस्कवरच अडकतील. महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढाच.

आता पेनड्राइव्ह. किमान ८ जीबीचा घ्या, त्यातलं सगळं पुसलं जाईल. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल फुकट मिळतं, तेच सगळं करतं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तुमचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसतो, म्हणून ११ चाच पेनड्राइव्ह बनवा. १० चं लायसन्स त्याला चालतं. बायोसमध्ये टीपीएम आणि सिक्युअर बूट (विंडोज ११ ला लागणाऱ्या दोन सुरक्षा सोयी) चालू आहेत ना, तेवढं बघा. मॉडेलप्रमाणे लॅन आणि वायफायचे ड्रायव्हर त्याच पेनड्राइव्हवर टाकून ठेवा. विंडोज ११ सेटअपमध्येच इंटरनेट मागतं, आणि ड्रायव्हर नसेल तर गाडी तिथेच अडते.

क्लोन, म्हणजे जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल, करावं का? १ टीबीवरून ५०० जीबीवर जाताना क्लोनझिलासारखी टूल लहान डिस्क सहजी स्वीकारत नाहीत, आधी पार्टिशन (डिस्कचे पाडलेले भाग) आकसून घ्यावी लागतात. शिवाय इतक्या वर्षांचा कचरा सोबत येतो. माझं मत, नव्याने टाका.

मशीन बंद करून वायर भिंतीतून काढा, पॉवर बटण पाच सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावा. मग जुन्या हार्ड डिस्कच्या दोन्ही केबल (डेटाची आणि पॉवरची) काढून त्या एसएसडीला लावा. हार्ड डिस्क सुटीच राहू द्या. इथेच बहुतेकांची चूक होते: दोन्ही डिस्क जोडलेल्या असताना विंडोज टाकलं, तर सेटअप जुन्या डिस्कवरचं १०० मेगाबाइटच्या आसपासचं बूट पार्टिशनच वापरतो. विंडोज एसएसडीवर, पण ते सुरू करणारी फाइल हार्ड डिस्कवर. सगळं छान चालतं, आणि ज्या दिवशी हार्ड डिस्क काढाल त्या दिवशी ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’.

पेनड्राइव्ह लावून मशीन सुरू करा. बूट मेन्यूत (कशावरून सुरू करायचं ते निवडायच्या यादीत) पेनड्राइव्ह दोनदा दिसला, तर नावाआधी यूईएफआय लिहिलेला निवडा. सेटअपने की किंवा एडिशन विचारलीच नाही, तर समजा बायोसमधली की त्याला सापडली. विचारलीच तर ‘माझ्याकडे की नाही’ निवडून होम सिंगल लँग्वेजच घ्या. प्रो घेतलंत तर ते तुमच्या लायसन्सवर ॲक्टिव्हेट होणार नाही. दुकानातून करून घेणार असाल तर हे आधी बजावून सांगा. फॉरमॅट करताना सरसकट क्रॅक केलेलं प्रो टाकून देतात आणि तुमचं पैसे मोजलेलं लायसन्स न वापरता पडून राहतं.

इंटरनेट जोडलं की ॲक्टिव्हेशन आपोआप होतं. त्यानंतर हार्ड डिस्क पुन्हा लावा; त्यासाठी एक जादा साटा डेटा केबल (डिस्क मदरबोर्डला जोडणारी) आणि पॉवरचा मोकळा कनेक्टर लागेल.

रॅम विकत घेण्याआधी कॅबिनेट उघडून बघा. काही लहान ब्रँडेड डेस्कटॉपमध्ये लॅपटॉपच्या आकाराची रॅम असते. तुमच्या पिढीला डीडीआर४ लागते. ४ च्या जोडीला ८ चालेल, पण ८ च्या दोन सारख्या पट्ट्या जास्त चांगल्या, कारण रॅमकडे जाणारे दोन्ही चॅनेल (मार्ग) पूर्ण वापरले जातात. पट्टी बसवल्यावर डिस्प्ले आला नाही तर घाबरू नका. बहुतेक वेळा ती अर्धवट बसलेली असते. काढा, सोनेरी कडा खोडरबराने हलक्या पुसा, कण झटका, आणि क्लिपचा ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबा.

मदरबोर्ड बदलायचा विचार मात्र इथे करू नका. कंपनीचं लायसन्स जुन्या बोर्डाबरोबर जातं, आणि अनेक ब्रँडेड मशीनमध्ये पॉवरचा कनेक्टर नेहमीचा २४ पिनांचा नसल्यामुळे नवा बोर्ड घेतला की एसएमपीएसही (वीज पुरवणारा डबा) बदलावा लागतो. वेगळं विकत घेतलेलं रिटेल लायसन्स असेल तरच ते नव्या बोर्डावर नेता येतं: आधी ते मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडायचं, बोर्ड बदलल्यावर ॲक्टिव्हेशनच्या ट्रबलशूटमध्ये ‘नुकतंच हार्डवेअर बदललं’ हा पर्याय निवडायचा.