शब्द पाठ आहेत, पण लिहिताना सुचत नाहीत

आपण लिहिले आहे की, परीक्षेसाठी हजारभर अवघड इंग्रजी शब्द अर्थासह पाठ केले, तरी निबंध लिहिताना त्यांतला एकही सुचत नाही. दोष आपल्या स्मरणशक्तीचा नसून यादीचा आहे, असे मला वाटते, कारण यादीत शब्द एकटा असतो.

माझीच फजिती सांगतो. शिरोलीच्या एका फाउंड्रीत नोकरीला असताना, आमची कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतून केलेले धातूचे भाग, दर्जासाठी ‘नोटोरियस’ आहेत, असे मी परदेशी ग्राहकाच्या पत्रात ऐटीत लिहिले होते. मी पाठ केलेल्या यादीत त्या शब्दापुढे ‘प्रसिद्ध’ एवढेच छापलेले होते; त्याचा खरा अर्थ ‘कुप्रसिद्ध’ होतो, हे साहेबांनी पत्रावर लाल रेघ मारून सांगितले, आणि पुढे कितीतरी दिवस ऑफिसात मला त्याच नावाने हाका मारत होते.

तेव्हापासून मी शब्द सोबत्यांसह टिपू लागलो. आपण ‘मुसळधार पाऊस’ म्हणतो, ‘बळकट पाऊस’ म्हणत नाही. तसाच इंग्रजीत पाऊस ‘हेवी’ असतो, ‘स्ट्राँग’ असतो तो वारा. म्हणून अग्रलेखात नवा शब्द भेटला की ते अख्खे वाक्य वहीत उतरवावे आणि दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने त्यातला शब्द बोटाने झाकून आठवून पाहावा. झाकणे टाळू नये. नुसते पुन्हा वाचले तर येत असल्याचा भास तेवढा होतो.

घटक ओळखण्याची सवयही उपयोगी पडते. आहार, विहार, प्रहार, संहार हे एकाच धातूचे, हे आपण शाळेत शिकलो आहोत. ‘पाहणे’ या अर्थाच्या लॅटिन ‘स्पेक्ट’पासून इन्स्पेक्ट, प्रॉस्पेक्ट, रिट्रोस्पेक्ट तसेच झाले. मात्र घटकावरून अर्थाचा अंदाज येतो, वापर कळत नाही.

यादी हवीच असेल, तर अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड या भाषातज्ज्ञांनी 2000 साली प्रसिद्ध केलेली अकॅडेमिक वर्ड लिस्ट घ्यावी. तीत 570 शब्दकुटुंबे, म्हणजे एक मूळ शब्द आणि त्याची रूपे यांचे गट, आहेत आणि ती वेगवेगळ्या विषयांच्या विद्यापीठीय लेखनात वारंवार येणारी म्हणून निवडलेली आहेत. ‘डिफेनेस्ट्रेट’, म्हणजे खिडकीतून बाहेर फेकणे, हा शब्द ऐकायला भारदस्त आहे खरा, पण आपल्या निबंधात कुणाला खिडकीतून फेकायचे नसेल, तर तो तूर्त सोडून द्यावा.