'मिनिस्टर' म्हणजे मंत्री की पाळक?

एका वाचकाने पुढील शंका विचारली आहे. इंग्रजीतून भाषांतरित झालेल्या एका लेखाचे शीर्षक 'एका मंत्र्याचे श्रद्धा, संस्कृती आणि सार्वजनिक जीवनाविषयीचे चिंतन' असे होते. मजकुरात मात्र ना खात्याचा उल्लेख होता ना अधिवेशनाचा, सगळे लिहिणे रविवारची उपासना, बाप्तिस्मा आणि मंडळीतील (म्हणजे चर्चच्या उपासकसमूहातील) माणसे यांच्याविषयीच होते. तेव्हा हे मंत्री कोण, आणि त्यांना मराठीत काय म्हणावे?

भाषांतरकाराने कोशातला पहिला अर्थ उचलला, हे उघड आहे. लॅटिनमध्ये 'मिनिस्टर' म्हणजे सेवक. तो 'उणा' या अर्थाच्या शब्दावरून आला, तर 'अधिक' या अर्थाच्या शब्दावरून 'मॅजिस्टर' झाला; आपल्या मास्तरांचे मूळ या दुसऱ्या शब्दात आहे. राजाची सेवा करणारा आणि मंडळीची सेवा करणारा, अशा दोघांनाही इंग्रजीने तेच नाव दिले. मराठी 'मंत्री' मात्र मंत्र म्हणजे मसलत या अर्थावरून आलेला असल्यामुळे तो राज्यकारभाराच्या बाहेर चालत नाही.

उरले पाद्री, फादर, धर्मगुरू, याजक आणि पाळक. 'पाद्री' पोर्तुगीजांबरोबर आला. त्याचा मूळ अर्थ 'पिता' असल्याने तो आणि 'फादर' अर्थाने एकच आहेत. पण आज 'पाद्री' या शब्दाला तुच्छतेची छटा चिकटली आहे, म्हणून आदराने लिहिताना तो टाळावा. 'फादर' हे कॅथलिक धर्मगुरूंचे संबोधन होय. 'याजक' हा शब्द मराठी बायबलमध्ये यज्ञ अर्पण करणाऱ्यांसाठी येतो. सर्वच विश्वासी देवापुढे याजक आहेत, असे प्रॉटेस्टंट परंपरा मानते, त्यामुळे तिच्या मिनिस्टरला तो नेमका बसत नाही. त्याच्यासाठी मराठी ख्रिस्ती समाजात रुळलेला शब्द 'पाळक' हाच आहे. तो मेंढपाळाच्या कल्पनेतून आला असून बायबलमध्ये 'पाळक व शिक्षक' अशी जोडीही सापडते. लग्नपत्रिकेत नावाआधी 'रेव्ह.' छापतात आणि समोरासमोर 'पाळकसाहेब' म्हणतात, इतका तो घरचा झाला आहे.

तरीही 'पाळक' प्रत्येक वेळी पुरा पडत नाही, याचे ठळक उदाहरण म्हणजे नारायण वामन टिळक (1861–1919). 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केले आणि पुढे त्यांना पाळकपदाची रीतसर दीक्षाही मिळाली. परंतु त्यांचा खरा व्याप कविता, कीर्तन आणि 'ज्ञानोदय' या ख्रिस्ती नियतकालिकाचे संपादन यांत होता. ख्रिस्ती झालो म्हणून अभंग परका होत नाही, ही त्यांची भूमिका होती, आणि तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत. 1917 मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडून संन्यासवृत्ती पत्करली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा समुदाय स्थापला. अशा माणसाला नुसते 'पाळक' म्हटले तर एका मंडळीचा कारभार पाहणारा गृहस्थ डोळ्यांपुढे येतो. म्हणून तेथे 'रेव्हरंड टिळक' हेच योग्य. 'फादर टिळक' तर सपशेल चूक, कारण कॅथलिक फादर अविवाहित असतात आणि टिळकांचा संसार त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मकथनामुळे अवघ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे.

वसईचे फ्रान्सिस दिब्रिटो मात्र कॅथलिक, म्हणून 'फादर'. 'सुवार्ता' मासिकाचे संपादन, हरित वसईची चळवळ आणि 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद, असे त्यांचे सार्वजनिक जीवन होते; त्यांना 'पाळक' म्हणण्याचे कारण नाही.

प्रश्नात विचारलेला नाही, पण शीर्षकातला आणखी एक शब्द तपासण्यासारखा आहे. 'श्रद्धा' चूक नव्हे, तथापि मराठी बायबलच्या वाचकाच्या ओठी 'विश्वास' येतो: 'विश्वास, आशा, प्रीती' ही त्रयी त्याला पाठ असते आणि मंडळीतील माणसेही 'विश्वासी' म्हणवतात. मात्र सर्वसाधारण वाचकांसाठीच्या मासिकात 'विश्वास, संस्कृती' असे वाचले की एखाद्याला तो व्यवहारातला भरवसा वाटण्याचा संभव आहे, म्हणून तेथे मी 'श्रद्धा'च ठेवीन.

तेव्हा लेखक प्रॉटेस्टंट मंडळीचा असल्यास 'एका पाळकाचे चिंतन: श्रद्धा, संस्कृती आणि सार्वजनिक जीवन' असे शीर्षक द्यावे, आणि मजकुरात प्रथम उल्लेखाच्या वेळी नावाआधी 'रेव्हरंड' लिहावे. पंथ कळत नसेल तर 'ख्रिस्ती धर्मोपदेशक' हा काहीसा कोरडा, पण निर्धोक पर्याय आहे.