दमास्कसच्या पात्याची शेवटची घासाई

दमास्कसच्या, म्हणजे दोन पोलादांचे थर जोडून केलेल्या पात्यावर नक्षी पुसट आली म्हणून लगेच ॲसिडला दोष देऊ नकोस. बहुतेक वेळा घासाई कच्ची राहिलेली असते. जाड दाण्याच्या घासकागदाचे ओरखडे फेरिक क्लोराइडमध्ये (नक्षी उठवणारं ॲसिडी द्रावण) बुडवल्यावर आणखी उठून दिसतात. म्हणून २२०, ४००, ६००, ८०० अशा बारीक होत जाणाऱ्या नंबरांच्या कागदांनी चढत जा आणि प्रत्येक कागदाला दिशा बदल. आधीचे आडवे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा कागद हातात घ्यायचा नाही. कंटाळवाणं आहे, पण इथे पळवाट नाही. कागदामागे सपाट, टणक ठोकळा हवाच. बेल्टवर घासत असशील तर पातं तापू देऊ नकोस, पोलादाचं पाणी (कडकपणा) उतरेल.

मग एसीटोनने पुसून घे आणि त्यानंतर पात्याला उघडं बोट लावू नकोस, तेलकट ठसा नक्षीत उमटतो. बाजारातलं फेरिक क्लोराइडचं द्रावण तसंच वापरलं तर फार झपाट्याने खातं. एका भागाला तीन-चार भाग पाणी घाल. हातमोजे, चष्मा घालूनच. १० मिनिटं बुडव, काढ, २००० च्या कागदाने काळी साय हलकेच काढ, पुन्हा बुडव. काही फेऱ्यांत १०८४ या साध्या कार्बन पोलादाचे थर खोल, काळे होतात आणि १५एन२० हे निकेलवालं पोलाद वर चकचकीत राहतं. शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून ॲसिड मार.

आणखी काळं हवं तर कडक इन्स्टंट कॉफीत काही तास ठेव. बफिंग व्हील (पॉलिशचं फिरतं कापडी चाक) मात्र मी टाळतो: नक्षीचा उठाव जातो, आणि पातं अडकून उडालं तर जीवावर बेतेल. धार सगळ्यात शेवटी लाव, मग तेलाचा हात फिरव.