ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते तो आजार) असलेल्या माझ्या बहिणीला झटके येऊन दिसेनासे झाले. एमआरआयमध्ये ‘प्रेस’ (पीआरईएस, म्हणजे मेंदूला येणारी व बहुधा उतरणारी सूज) निघाले. सांगलीचे डॉक्टर ‘ही सूज उतरणारी आहे’ म्हणतात, तरी आम्ही मिरजेला दुसरे मत घेणार आहोत. तिची दृष्टी परत येईल का?

बहुतेक रुग्णांची दृष्टी काही दिवसांत किंवा आठवड्यांत परत येते, त्यामुळे सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितले ते योग्यच आहे. ल्युपसने मूत्रपिंडाला इजा झाली की रक्तदाब अचानक चढू शकतो, मेंदूतील बारीक रक्तवाहिन्यांना तो ताण पेलवत नाही आणि त्यांतून पाझरलेले पाणी मुख्यतः मेंदूच्या मागच्या भागात, म्हणजे नेमके दृष्टीच्या केंद्रापाशी, साठते. डोळे स्वतः शाबूत असतात. १९९६ साली या विकाराचे जे सविस्तर वर्णन प्रसिद्ध झाले, त्यातील रुग्णांमध्येही ल्युपसने मूत्रपिंड बिघडलेले रुग्ण होते. टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन यांसारख्या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांनीही हे घडू शकते, म्हणून मिरजेला दुसरे मत घेण्यास जाताना एमआरआयच्या फिल्मबरोबर औषधांची पूर्ण यादी न्यावी, पण कोणतेही औषध, विशेषतः स्टेरॉइड, परस्पर बंद करू नये. मात्र सुजेसोबत रक्तस्राव झाला असेल किंवा मेंदूचा एखादा भाग रक्तपुरवठ्याअभावी निकामी झाला असेल, तर काही दोष कायमचा राहू शकतो. हे अहवालात लिहिले आहे का, एवढे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे.