पीएमपीत भरती निघाली तर चालक व्हावं की वाहक?

वय २३, बारावी पास, पुण्यात बस वाढणार म्हणजे पीएमपीत, म्हणजे शहर बससेवेत, भरती निघणार असं तुमच्या कानावर आलंय, आणि तयारी चालकाची करू की वाहकाची, हे तुम्ही विचारताय. मी दुसऱ्या एका शहरात १९ वर्षं वाहक होतो. मी म्हणेन, वाहक.

वाढीव बस आल्या की त्यांतल्या बऱ्याच ठेकेदाराच्या असतात. पीएमपी त्याला पैसे देते ते किलोमीटरवर. त्या गाडीवर चालक ठेकेदाराचा, वाहक पीएमपीचा. पुण्यात हेच चालतं. म्हणजे शंभर गाड्या आल्या तरी पीएमपीला स्वतःचा चालक लागेलच असं नाही. वाहक मात्र लागणारच, आणि तोही गाडीमागे एक नव्हे. दोन पाळ्या, सात दिवस, आठवड्याला १४ ड्युट्या. एक माणूस सहा करतो, दोघं मिळून १२. उरलेल्या दोन कोण करणार? वर रजा, आजारपण, गावाकडची लग्नं (मे महिन्यात डेपो ओस पडलेला मी पाहिलाय). गाडीमागे अडीच वाहक तरी धरा. गाड्या घेऊन माणसं घेतली नाहीत, तर गाड्या डेपोतच धूळ खातात.

जाहिरातीची वाट बघू नका. आरटीओतून वाहकाचा परवाना आणि बिल्ला आत्ताच काढा. वैद्यकीय दाखला आणि प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र लागेल. फॉर्मची मुदत संपायच्या आत हे सगळं होत नाही. चालकच व्हायचं असेल, तर आधी कारचं लायसन्स एक वर्ष जुनं हवं, मगच अवजड वाहनाचं शिकाऊ लायसन्स मिळतं.

जाहिरातीत पदाच्या नावापेक्षा कायम, रोजंदारी की कंत्राटी, ते आधी वाचा. माझी पहिली दोन वर्षं बदली म्हणून गेली. पहाटे साडेचारला डेपोत हजर व्हायचं, कुणी आलं नाही तर त्याची गाडी आपली. सगळे आले, तर चहा पिऊन घरी. त्या दिवसाचे पैसे नाहीत. पुढे स्प्लिट ड्युटी लागली: सकाळी चार तास, संध्याकाळी चार तास. दुपार मोकळी, पण घरी जाऊन येण्याइतकी नाही.

फॉर्म भरायच्या आधी एकदा संध्याकाळी सहाला स्वारगेटहून हडपसरकडची गाडी पकडा आणि शेवटच्या थांब्यापर्यंत उभ्यानं जा. वाहक गर्दीतून मागून पुढे कसा सरकतो, ते बघत.