‘रॉ पॉवर’चं खरं मिक्स कोणतं, बोवीचं की इगीचं?

तुमचा प्रश्न असा: द स्टूजेस या अमेरिकी रॉक बँडचा ‘रॉ पॉवर’ स्ट्रीमिंगवर ऐकला, मग मित्राकडची सीडी लावली, तर अल्बम वेगळाच वाटला. एकात ड्रम कुठेतरी मागे हरवलेत, दुसऱ्यात सगळंच फाटतंय. यातला खरा कोणता आणि विकत कोणता घ्यावा?

मिक्स म्हणजे वेगवेगळे रेकॉर्ड केलेले आवाज आणि वाद्यं यांचा तोल ठरवून केलेलं अंतिम रूप. माझं मत आधीच सांगतो. पहिल्यांदा १९७३चं, म्हणजे बोवीचं मिक्स ऐका, विकत घ्यायचं तर तेच मिक्स असलेली २०१०ची आवृत्ती घ्या. १९९७चं इगीचं मिक्स त्यानंतर ऐका, पण ऐका नक्की.

हा अल्बम १९७२च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लंडनला सीबीएस या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत रेकॉर्ड झाला. गिटारवर जेम्स विल्यमसन, ड्रमवर स्कॉट अ‍ॅशटन. आधीच्या दोन अल्बमवर गिटार वाजवणारा रॉन अ‍ॅशटन इथे बेसवर आहे. निर्माता स्वतः बँडचा गायक इगी पॉप, आणि पहिलं मिक्सही त्यानेच केलं. ते मॅनेजर आणि कंपनीला पटलं नाही, म्हणून ब्रिटिश गायक डेव्हिड बोवीला बोलावलं गेलं. त्याने हॉलिवूडच्या वेस्टर्न स्टुडिओत, जुन्या मिक्सिंग बोर्डावर, इगीच्या आठवणीनुसार जेमतेम एका दिवसात काम उरकलं. मात्र ‘सर्च अँड डिस्ट्रॉय’ आपल्याच मिक्सने जाईल, अशी अट इगीने घातली होती. बहुतेक लोक नेमकं हेच पहिलं गाणं लावून बोवीच्या कामाची पारख करतात आणि तिथेच फसतात.

आता वादाचा मुद्दा. बोवीने पुढे सांगितलं की २४ ट्रॅकच्या, म्हणजे २४ आवाज वेगवेगळे ठेवता येतील अशा टेपवर फक्त तीन ट्रॅक वापरलेले होते: एकावर अख्खा बँड, दुसऱ्यावर लीड गिटार, तिसऱ्यावर इगीचा आवाज. मग मिक्स करायला उरलं काय, तर आवाज आणि गिटार वर-खाली करणं. ही गोष्ट सगळीकडे जशीच्या तशी सांगितली जाते, पण मला ती शब्दशः पटत नाही. कारण खुद्द इगीने सांगितलंय की बोवीने ‘युअर प्रिटी फेस इज गोइंग टू हेल’मध्ये ड्रमवर आणि ‘गिमी डेंजर’मध्ये गिटारवर टाइम क्यूब हे विलंब देणारं यंत्र वापरलं. बेस आणि ड्रम एकाच ट्रॅकवर असते तर ड्रमबरोबर बेसलाही तोच परिणाम लागला असता. शिवाय १९९७च्या मिक्समध्ये बेस बराच पुढे आलेला ऐकू येतो. म्हणजे टेपवर तीनपेक्षा जास्त वेगळा माल होता. तो नीट रेकॉर्ड झालेला होता का, हा वेगळा प्रश्न, आणि त्याचं उत्तर बहुधा ‘नाही’ असंच आहे. बेस-ड्रमचा अशक्तपणा दोन्ही मिक्समध्ये जाणवतो. एकात तो मागे ढकलून झाकलाय, दुसऱ्यात जोर लावून.

टाइम क्यूब म्हणजे पेटीत गुंडाळून ठेवलेली लांब प्लॅस्टिकची नळी. एका टोकाला छोटा स्पीकर, दुसऱ्या टोकाला माइक. आवाज नळीतून जायला जेवढा वेळ लागतो तेवढाच विलंब मिळतो. दोन चॅनेल, एकाला १४ आणि दुसऱ्याला १६ मिलिसेकंद. एवढ्या कमी वेळात वेगळा प्रतिध्वनी कानाला कळत नाही, आवाज दुहेरी आणि जरा पोकळ होतो. ‘गिमी डेंजर’च्या उत्तरार्धात गिटार अंगावर चालून आल्यासारखी वाटते त्यात या नळीचा मोठा वाटा आहे, आणि माझ्या मते त्या अल्बममधला तो सर्वांत सुंदर आवाज आहे. हा परिणाम मिक्स करताना दिलेला, मूळ मल्टिट्रॅकवर, म्हणजे वेगवेगळ्या ट्रॅकच्या टेपवर, नाही. म्हणून १९९७मध्ये तो नाही. वेस्टर्नचा मालक बिल पटनम, आणि हे यंत्र बनवणारी कंपनीही त्याचीच.

१९९७मध्ये कंपनीने नवं मिक्स करायचं ठरवलं तेव्हा इगी स्वतः बसला. आपण नाही केलं तर आपल्याशिवाय होईल, असं त्याचं म्हणणं होतं. त्याने आवाजाच्या मीटरवर सगळं लाल रेषेच्या वर ठेवलं. त्या सीडीची सरासरी पातळी, म्हणजे आरएमएस, उणे ४ डेसिबलच्या आसपास आहे (शून्य म्हणजे सीडीची कमाल मर्यादा). हा आकडा किती टोकाचा? सीडीवर बसेल तेवढ्या मोठ्या शुद्ध साइन लहरीची आरएमएस उणे ३ असते. सत्तरच्या दशकातल्या रॉकच्या जुन्या सीडी साधारण उणे १५ ते उणे २०मध्ये असतात. उणे ४ला पोहोचायचं तर प्रत्येक ड्रमच्या ठोक्याचं टोक छाटावं लागतं. ठोका आणि मागची गिटार एकाच उंचीवर येतात, कान दहा मिनिटांत थकतो. रॉन अ‍ॅशटनलाही जुनंच मिक्स जास्त आवडायचं. विल्यमसनच्या गिटारवरचे परिणाम काढल्याने ती तुटक वाटते आणि इगीने आपला प्रत्येक हुंकार परत घातलाय, अशी त्याची तक्रार होती. बेसचा आवाज ज्याचा वाढला त्यानेच हे म्हणावं, याला वजन आहे.

तुमच्याकडे कोणतं मिक्स आहे हे ओळखायला ‘गिमी डेंजर’ लावा. शेवटाकडे गिटार दुहेरी, घुमणारी असेल तर बोवीचं. कोरडी, जवळ आणि करकरीत असेल तर इगीचं. छापलेल्या वर्षावरूनही कळतं: १९९७च्या आधीच्या एलपी आणि सीडीवर मूळ मिक्स, १९९७च्या सीडीवर इगीचं, २०१०च्या लेगसी आवृत्तीत पुन्हा बोवीचं, रीमास्टर केलेलं. रीमास्टर म्हणजे तयार दोन चॅनेलच्या टेपवर पातळी आणि टोन सुधारणं. त्यात ड्रम वेगळे करून वाढवता येत नाहीत. त्यासाठी मल्टिट्रॅकवर परत जावं लागतं, आणि ते काम १९९७मध्ये झालं.

तुलना प्रामाणिक हवी असेल तर आवाजाची पातळी समान करा, नाहीतर मोठं वाजतंय तेच चांगलं वाटेल. दोन्ही सीडी वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये रिप करा, ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन ट्रॅक म्हणून उघडा आणि प्रत्येकावर वेगवेगळं ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’ उणे २३ एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या पातळीचं एकक) चालवा. एवढी खालची पातळी अशासाठी की कोणतीही फाइल वर उचलावी लागू नये, म्हणजे नवं क्लिपिंग, टोकांची छाटणी, होत नाही. साधं ‘नॉर्मलाइज’ वापरू नका, ते फक्त सर्वांत उंच टोक जुळवतं. तसं केलंत तर १९९७चं मिक्स कितीतरी मोठंच वाजेल. मग सोलोचं बटण आलटून-पालटून दाबत ऐका. दोन्ही एकाच वेळी वाजवून जुळवायचा खटाटोप नको. दोन्हींच्या वेळा तंतोतंत जुळत नाहीत, थोड्याच वेळात गाणी पुढे-मागे होतात. पातळी जुळवायच्या आधी क्लिपिंग दाखवण्याचा पर्याय चालू केलात तर १९९७च्या फाइलवर लाल रेघांचं रान दिसेल. पातळी कमी केल्यावर त्या रेघा जातात, छाटलेली टोकं मात्र परत येत नाहीत.

पातळी समान झाली की ‘पेनिट्रेशन’मधला सेलेस्टा (घंटीसारख्या आवाजाचं कीबोर्ड वाद्य) ऐका. मूळ मिक्समध्ये तो गारव्यासारखा वर तरंगतो. ‘शेक अपील’ मात्र मला इगीच्या मिक्समध्ये जास्त भावतं, कारण त्या गाण्याला रिदम गिटारचा रेटा हवाच आणि तिथे तो मिळतो.

मूळ मिक्स फारच पातळ वाटलं तर इक्वलायझरमध्ये १०० हर्ट्झखाली लो-शेल्फने (खालचे सगळे स्वर एकत्र उचलणाऱ्या फिल्टरने) ३ डेसिबल वाढवा आणि ३ किलोहर्ट्झला २ डेसिबल कमी करा. ६ डेसिबलच्या पुढे गेलात तर किक ड्रम वर येत नाही, नुसता घुमारा वाढतो. जे टेपवर नाही ते इक्वलायझर आणणार कुठून? १९९७च्या फाइलला ६ किलोहर्ट्झपासून वर ३ डेसिबल कमी केलेत तर कानाला आराम पडतो. ऑडॅसिटीचं ‘क्लिप फिक्स’ इथे फारसं उपयोगी नाही. ते अधूनमधून छाटलेल्या टोकांचा अंदाज बांधायला बनवलंय. इथे गाणंभर छाटणी आहे, अंदाज बांधायला शाबूत भागच उरत नाही.

मूळ मिक्सच्या बाजूने आणखी एक गोष्ट. सेक्स पिस्टल्स या पंक बँडचा स्टीव्ह जोन्स हा अल्बम लावून गिटार शिकला. निर्वाणा बँडच्या कर्ट कोबेनने तो आपल्या आवडत्या अल्बमच्या यादीत सर्वांत वर लिहिला, आणि तो १९९४मध्ये गेला. १९९७च्या आधी या अल्बममुळे ज्यांनी गिटार उचलली त्या सगळ्यांनी दुकानातून आणलेली ती बारीक, टोचरी, विचित्र तोलाची रेकॉर्डच ऐकली होती. पंकवर जो परिणाम झाला तो त्या आवाजाचा.

खरेदीपुरतं: २०१०च्या लेगसी संचात १९७३ ऑक्टोबरचा अटलांटातला लाइव्ह कार्यक्रमही आहे, तो जमेचा. एलपी हवी असेल तर २०१२मध्ये दोन्ही मिक्स एकत्र असलेला दोन एलपींचा संच निघाला होता, तो शोधा. जुनी सीडी घेताना मागच्या बाजूचा मजकूर आधी वाचा. मुखपृष्ठ सगळ्यांवर तेच आहे, चंदेरी पँटमधला इगी, त्यावरून काही कळत नाही. स्ट्रीमिंगवर नॉर्मलायझेशन चालू ठेवा. स्पॉटिफाय सगळं उणे १४ एलयूएफएसच्या आसपास आणतं, त्यामुळे १९९७चं मिक्स बरंच खाली येतं आणि त्याचा सपाटपणा लगेच कळतो.